विहिरीची गोष्ट कुणी वाचलीय का?

रविवारी सकाळी कोपरखैरण्याहून ठाण्याला जाणारी लोकल बऱ्यापैकी रिकामी असते. मी खिडकीशी बसले. पिशवीत पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि एक वही. आदल्या रात्री जेवणं उरकल्यावर त्या वहीत मी दीड पान लिहिलं होतं. घणसोली गेलं, रबाळे गेलं. रबाळ्याला माझी प्रयोगशाळा, म्हणजे आठवड्याचे सहा दिवस मी तिथे उतरतेच, त्यामुळे गाडी थांबल्यावर पाय आपोआप उचलले गेले. परत बसले आणि वही काढून ते दीड पान पुन्हा एकदा वाचलं.

ठाण्यात विज्ञानकथांचं एक दिवसाचं संमेलन होतं. पत्रिका माझ्या भाचीने पाठवली. तिला माहीत आहे की मावशी विज्ञानकथा वाचते, पण घरात ते माहीत असलेली ती एकटीच. आमच्याकडे वाचनाला कुणाची ना नाही, पण मी काय वाचते हे कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. कोपरखैरण्याच्या वाचनालयात 'विज्ञान' असं लिहिलेलं एकच कपाट आहे. त्यात मधमाशीपालन, ग्रहणं आणि विज्ञानकथा शेजारी शेजारी नांदतात. त्या कपाटासमोर मी वीसएक वर्षं उभी राहतेय, तिथे मला दुसरं कुणी कधी भेटलं नाही. इतकी वर्षं मला असंच वाटत होतं की हे वाचणारे लोक असे सुटे सुटेच असतात.

पत्रिकेत सकाळची सत्रं होती, परिसंवाद होता, जुन्या पुस्तकांचं टेबल होतं. दुपारी तीन वाजता एक सत्र होतं, त्याचं नाव 'हरवलेल्या कथा'. खाली लिहिलं होतं: लहानपणी वाचलेली, आता नाव आणि लेखक आठवत नसलेली विज्ञानकथा तीन मिनिटांत सांगा, सभागृह मिळून शोधू. ते वाचलं आणि त्याच क्षणी नावनोंदणी केली.

कारण माझी एक कथा हरवली आहे.

१९८९ चा मे महिना. मी अकरा वर्षांची. आजोळ गुहागरच्या बाजूला, घराला माळा, माळ्यावर कोकम आणि आमसुलांच्या बरण्यांच्या मागे मामाने जपून ठेवलेले दिवाळी अंक. एका अंकाचं मुखपृष्ठ गेलं होतं, पहिली काही पानंही नव्हती, आणि कसर लागून कडेला नक्षी झाली होती. त्यात ही गोष्ट होती. डाव्या पानावर एक चित्र: धोतर-कोट घातलेले गुरुजी विहिरीच्या कठड्यावर वाकलेत आणि त्यांच्या हातात शर्यतीला वापरतात तसलं स्टॉपवॉच. समोरच्या पानावर केसांच्या तेलाची जाहिरात.

गोष्ट अशी. एका गावात शाळेच्या मागे जुनी विहीर आहे. मुलं विहिरीत हाका मारतात आणि आवाज परत येतो. एक दिवस गुरुजींच्या लक्षात येतं की आवाज जरा उशिरा येतोय. ते शाळेच्या खेळसाहित्यातलं स्टॉपवॉच आणून मोजतात. दोन सेकंद. महिन्याभराने सहा सेकंद. पोहरा सोडला तर पाणी नेहमीच्याच खोलीवर लागतं, दोर तेवढाच पुरतो. पण हाक मात्र लांब लांब जाऊन येते. पुढे तासाभराने येऊ लागते. मुलं हाक मारून घरी जेवायला जातात आणि परत येऊन आपलाच आवाज ऐकतात. गुरुजी रोज वहीत आकडे मांडतात. त्यांची एकुलती मुलगी शिकायला पुण्याला निघते, त्या दिवशी पहाटे ती विहिरीत वाकून एकदाच 'बाबा' अशी हाक मारते आणि एस.टी. पकडते. गुरुजी हिशेब करतात. आवाज अकरा वर्षांनी परत येणार. ते कोळशाने शाळेच्या भिंतीवर तारीख लिहून ठेवतात. दर पावसाळ्यात ती तारीख पुसट होते, दर दिवाळीला ते ती पुन्हा गिरवतात.

मग ती तारीख उजाडते. गुरुजी काठी टेकत टेकत विहिरीकडे निघतात.

आणि पान संपतं. पुढचं पान त्या अंकात नव्हतं.

त्या दुपारी मी मामाच्या माळ्यावरचा प्रत्येक कागद उलटापालटा केला. आजीने कारण विचारलं, मी सांगितलं, तर ती म्हणाली, "अगो, पान गेलं असेल कुठल्या पुडीला. तूच लाव की शेवट." मग मी लावला. माझ्या शेवटात आवाज येतो, 'बाबा', आणि गुरुजी विहिरीत वाकून 'ओ' देतात. बास, एवढंच. संध्याकाळी मी आजोळच्या विहिरीवर गेले, रहाटाला धरून वाकले आणि हाक मारून पाहिली. आवाज लगेच घुमला. पुढे नववीच्या पुस्तकात शिकले की प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला समोरचा अडथळा निदान १७.२ मीटर लांब हवा, आमची विहीर तेवढी खोल नव्हती. पण त्या धड्यातला आकडा मला कधी पाठ करावा लागला नाही.

माझं आत्ताचं काम पाणी तपासण्याचं आहे. नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग क्लोरोस्कोपच्या काचांशी जुळवायचा आणि क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम आहे ना ते बघायचं. कधीकधी गावातल्या विहिरींचे नमुने घ्यायला जावं लागतं. नमुन्याची बाटली दोराला बांधून खाली सोडण्याआधी मी वाकून हळूच एक हाक मारते. बरोबरच्या मुलाला वाटतं मी पाण्याची पातळी बघतेय.

ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबरवरून पूल चढून पश्चिमेला आले, सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलाच्या, खालून बाहेर पडून नौपाड्याच्या दिशेने चालत गेले. एका शाळेचं सभागृह होतं. दाराशी दोन कॉलेजातल्या मुली टेबल मांडून बसल्या होत्या. नाव लिहायला बिल्ला दिला, नावाखाली एक ओळ होती: 'आवडती कथा'. बाकीच्यांच्या बिल्ल्यांवर कथांची नावं होती. मी लिहिलं, 'विहिरीची'. मुलीने वाचलं आणि विचारलं, "ही कुणाची, मावशी?" म्हटलं, तेच शोधायला आलेय.

सव्वाशे तरी माणसं असतील. पाचवी-सहावीतली पोरं, त्यांचे आईबाप, निवृत्त माणसं, आयटीतली मुलं, दोन डॉक्टर, एक रिक्षाचालक दादा, ज्यांनी रांगेत उभ्या उभ्या मला विचारलं की प्रकाशवर्ष हे अंतर आहे हे लोकांना का समजत नाही. उपमा आणि चहा झाला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने सांगितलं की विज्ञानकथावाचकांचं पहिलं जागतिक संमेलन १९३९ साली न्यूयॉर्कला झालं, तेव्हा दोनेकशे लोक जमले होते. मी आजूबाजूला पाहिलं. आम्ही काही फार कमी नव्हतो.

उद्घाटनाच्या भाषणातलं एक माझ्या लक्षात राहिलं. वक्ते ठाण्याचेच होते. ते म्हणाले, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी, चौदा डबे आणि चारेकशे पाहुणे घेऊन ३४ किलोमीटरवर आपल्या इथे येऊन थांबली. रुळांशेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्या दिवशी काय वाटलं असेल, ते लिहायचं असेल तर विज्ञानकथाच लिहावी लागेल. त्यांचं हे म्हणणं मला फार पटलं. आपण पुढच्या काळाकडे बघतो, पण ठाण्याच्या माणसाकडे पुढचा काळ एकदा धूर सोडत आला होता.

पहिलं सत्र खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकर सरांवर होतं. सर गेले २० मे २०२५ ला, आणि हे त्यांच्यानंतरचं संमेलन, त्यामुळे सगळेच जरा हळवे होते. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेची हकिगत एका ताईंनी सांगितली. मला ती अर्धवट माहीत होती, तिथे पूर्ण कळली. परिषद १९६६ सालची आणि विज्ञानरंजन कथांची स्पर्धा १९७० पासूनची. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं. जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. केंब्रिजमध्ये काम करून आलेला, देशभर नाव झालेला शास्त्रज्ञ, पण नावामुळे बक्षीस मिळायला नको म्हणून टोपणनाव घेतलं, आणि अक्षर ओळखलं जाईल म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या या लेखनाची दखल घेतली. आणि २०२१ मध्ये नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

मी मात्र त्या हस्ताक्षरापाशीच थांबले. मंगलाताई स्वतः गणिताच्या. घरातल्या एका टेबलाशी बसून कृष्णविवराजवळ काळ कसा मंदावतो ते त्या आपल्या अक्षरात उतरवून काढताहेत, मध्येच एखादं वाक्य अडलं की विचारत असतील, हे असंच हवंय का? ते पहिलं हस्तलिखित कुणाकडे असेल तर मला ते एकदा डोळ्यांनी बघायचंय.

परिसंवाद नावावरून झाला. विज्ञानकथा म्हणायचं, विज्ञानरंजन कथा म्हणायचं की विज्ञान काल्पनिका? वाद जोरात झाला. 'रंजन' म्हटलं की गोळीला साखर लावल्यासारखं होतं, असं एका लेखिकेचं म्हणणं होतं आणि मी तिच्या बाजूची आहे. त्यापुढे मला फारसं काही त्यात सापडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत जुन्या पुस्तकांच्या टेबलावर भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न मिळाला, ऐंशी रुपयांना, आत कुण्या मुलाचं नाव आणि 'इयत्ता सातवी ब' लिहिलेला.

तीन वाजता खुर्च्या गोल मांडल्या. कथा हरवलेले आम्ही एकवीस जण निघालो.

या सत्राबद्दल मला नीट सांगायचंय, कारण असं काही मी आधी पाहिलं नव्हतं. एक जण उठतो आणि म्हणतो, एका मुलाला आरशात उद्याचा आपण दिसतो, दुसरं काही आठवत नाही. त्यावर मागून कुणीतरी विचारतं, आरसा बाथरूममध्ये होता का? हो! मुलाच्या आईला दम्याचा त्रास होता? हो, हो! मग तो अमुक वर्षीचा अमुक अंक, माझ्याकडे आहे, फोटो पाठवतो. असं होत होतं. 'नवल', 'धनंजय' या दिवाळी अंकांची नावं तर दर दोन मिनिटांनी येत होती. या प्रकारातलं कितीतरी लेखन दिवाळी अंकात एकदा छापून आलं, पुस्तकात गेलंच नाही, आणि अंक रद्दीत गेला. उरलं ते वाचणाऱ्याच्या डोक्यात, तेही तुकड्यातुकड्याने. एकवीसपैकी नऊ कथा त्या तासाभरात सापडल्या. एक बाई कथेचं नाव ऐकून रडायलाच लागल्या, त्यांचे वडील त्यांना ती वाचून दाखवायचे म्हणाल्या.

माझा नंबर चौदावा. वही उघडली खरी, पण बघायची गरज पडली नाही. गोष्ट सांगितली, पान संपतं तिथपर्यंत.

आधी एक मुलगा उठला, भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होता. तो मी बोलत असतानाच मोबाइलवर गणित करत होता. "ताई, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला आणि जाऊन-येऊन म्हणून निम्मं केलं, तर सहा सेकंदांना विहीर १,०३२ मीटर खोल. तासाभराने आवाज आला तर ६१९ किलोमीटर. पूर्ण दिवस लागला तर सुमारे १४,८६० किलोमीटर, आणि पृथ्वीचा व्यास आहे १२,७४२. म्हणजे विहीर पलीकडून बाहेर पडते." सगळे हसले. पलीकडे म्हणजे कुठे, यावर एका शाळकरी मुलीने फोनवर पृथ्वीचा गोल फिरवून सांगितलं की कोकणच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला दक्षिण पॅसिफिक महासागर आहे, नुसतं पाणी. कुणी म्हणालं, माणसाने खोदलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, १२,२६२ मीटर, आणि ते १९८९ मध्येच तिथवर पोचलं. मी माळ्यावर होते ते वर्ष. त्या भोकात हाक मारली तर ७१ सेकंदांनी परत येईल, असा त्याचाही हिशेब त्या मुलाने केला. अर्थात येणार नाहीच, वाटेत विरून जाईल, हेही त्यानेच सांगितलं.

"आणि अकरा वर्षं?" मी विचारलं. हे गणित मी स्वतः कधीच केलं नव्हतं. का कोण जाणे, करावंसं वाटलं नव्हतं.

त्याला जरा वेळ लागला. मग म्हणाला, "सुमारे सहा कोटी किलोमीटर. मंगळ आपल्या सगळ्यात जवळ असतो तेव्हा साडेपाच कोटींवर असतो."

कुणीच काही बोललं नाही. मग तोच म्हणाला, "म्हणजे ती विहीर खाली जातच नव्हती."

तेवढ्यात डावीकडच्या रांगेतून एक काका उठले. पंचाहत्तरी ओलांडलेले, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, हे नंतर कळलं. ते म्हणाले, "गुरुजींच्या मुलीचं नाव सुमन होतं."

माझ्या हातातून वही पडली. सुमनच. मी सांगताना नाव घेतलंच नव्हतं, मला ते आठवतही नव्हतं. त्यांनी उच्चारल्यावर मला ते छापलेलं दिसलं.

मी विचारलं, "काका, तुम्ही शेवट वाचलाय?"

"वाचलाय ना. पूर्ण वाचलीय मी." ते माझ्याकडे बघून जरा थांबले. "सांगू का? की नको?"

आयुष्यात इतका चांगला प्रश्न मला फार कमी वेळा कुणी विचारला असेल. म्हटलं, सांगा.

त्यांनी सांगितलं ते असं. गुरुजी दिवसभर कठड्यावर बसतात. आवाज येत नाही. सूर्य कलतो, गुरं परततात, तरी येत नाही. कुठेतरी आकडेमोड चुकली असं धरून ते उठतात, काठी उचलतात, आणि पाठ फिरवल्यावर विहिरीतून आवाज येतो. पण तो मुलीचा नसतो. त्यांचाच असतो. म्हाताऱ्या आवाजात ते 'सुमन' अशी हाक मारताहेत. अशी हाक त्यांनी विहिरीत कधीच मारलेली नसते. ते परत फिरतात, कठड्यावर वाकतात, आणि हाक मारतात.

"एवढ्यावर संपते," काका म्हणाले. "हाक आधी परत येते, मग तो मारतो. मी तेव्हा एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला असायचो. वाचून झाल्यावर मला पुढचा कॉल लावायलाच सुचेना."

मी खाली बसले. शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात धरून ठेवला होता, ते मला बऱ्याच वेळाने कळलं.

चहाच्या वेळी मी काकांना गाठलं. अंक कुठला, वर्ष कुठलं, लेखक कोण? ते काही त्यांना आठवेना. ऐंशी ते शहाऐंशीच्या मधलं असावं म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "हे बघ, मीही चाळीस वर्षांनी सांगतोय. मध्ये माझ्या डोक्यात काय काय मिसळलं असेल, देव जाणे. सुमन नक्की. गुरं परततात ते नक्की. बाकी अंक हातात येईल तेव्हा." मी त्यांना माझा शेवट सांगितला. अकराव्या वर्षी लावलेला, 'ओ' देण्याचा. त्यांनी तो लक्ष देऊन ऐकला, आणि म्हणाले, "तुझ्या गुरुजींना उत्तर द्यायला मिळतं. बरंय ते."

परतीच्या गाडीत मला दोन्ही शेवट आलटून पालटून दिसत होते. छापलेला शेवट मोठा आहे, यात मला शंका नाही. कार्य आधी आणि कारण नंतर, हे त्या लेखकाने एका विहिरीत आणि एका म्हाताऱ्या बापात बसवून दाखवलं, एकही सूत्र न देता. तरी माझा 'ओ' मला पुसता येत नाहीये. दिघ्याला गाडी थांबली तेव्हा मी आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या मे महिन्यात तू विहिरीवर जाऊन सारखी 'ओ, ओ' करायचीस. आम्हाला वाटायचं कुणाला उत्तर देतेस."

काकांकडे माळ्यावर पत्र्याच्या सतरा ट्रंका आहेत. मुलगा बाहेरगावी असतो, त्यामुळे गेले दोन रविवार मीच नौपाड्यात जातेय. ते खाली स्टुलावर बसतात, मी वर चढून अंक खाली देते, ते अनुक्रमणिका बघतात. चार ट्रंका झाल्या. येत्या रविवारी तो भौतिकशास्त्राचा मुलगाही येणार आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी १९८० ते १९८६ मधले दिवाळी अंक असतील तर कृपा करून एकदा चाळा. डाव्या पानावर चित्र आहे, गुरुजी, कठडा आणि स्टॉपवॉच. समोरच्या पानावर तेलाची जाहिरात. अंक द्यायची गरज नाही. शेवटच्या पानाचा आणि लेखकाच्या नावाचा फोटो मिळाला तरी पुरे.